यकृत देणाऱ्याचे काय? जिवंत यकृतदात्याची सुरक्षितता आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंत

"काकांना लिव्हर द्यायला मी तयार आहे. ब्लड ग्रुप जुळतो. मला काही होणार नाही ना, डॉक्टर?"

दुसरबीड, किनगाव राजा, सिंदखेड राजा या पट्ट्यातून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला दाखवायला येणाऱ्या कुटुंबांत हा प्रश्न हमखास निघतो, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी निघतो. तोवर रुग्णाच्या पोटात पाणी झालेले असते, डोळे पिवळे असतात, एखादी रक्ताची उलटी होऊन गेलेली असते आणि 'आता प्रत्यारोपण हाच उपाय' असे कोणीतरी सांगितलेले असते. सगळ्यांचे लक्ष रुग्णाकडे. देणारा माणूस खोलीतून बाहेर पडताना, दारात थांबून, थोडे ओशाळून स्वतःबद्दल विचारतो. त्याला वाटते की हे विचारणे म्हणजे माघार घेणे. तसे नाही. हा लेख त्या दारातल्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

थोडक्यात उत्तर असे: बहुसंख्य यकृतदाते बरे होतात, दोन-तीन महिन्यांत कामाला लागतात आणि पुढे सर्वसामान्य आयुष्य जगतात. पण 'काही होत नाही' हे वाक्य खोटे आहे. हे पोटाच्या सर्वांत मोठ्या ऑपरेशनांपैकी एक आहे आणि ते पूर्णपणे निरोगी माणसावर केले जाते. अपेंडिक्स काढताना धोका आणि फायदा एकाच शरीराला असतो. इथे धोका एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा. म्हणून दात्याच्या बाबतीत डॉक्टरांनी आणि घरच्यांनी जास्त कडक असायला हवे.

किती भाग काढतात आणि किती ठेवतात

यकृत उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड असते. प्रौढ माणसात त्याचे वजन साधारण १.२ ते १.५ किलो भरते. बारीक चणीच्या बाईत एक किलोच्या आसपास. त्याचे दोन मुख्य भाग: उजवा मोठा, साधारण ६० ते ६५ टक्के, आणि डावा लहान. लहान मुलाला यकृत द्यायचे असेल तर डाव्या बाजूचा छोटा तुकडा पुरतो. भारतातले पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण असेच होते. १९९८ मध्ये दिल्लीत २० महिन्यांच्या मुलाला त्याच्या वडिलांनी यकृताचा भाग दिला. मोठ्या माणसाला मात्र बहुतेक वेळा उजवा भाग लागतो, आणि दात्याचा धोका इथे वाढतो.

आज देशात वर्षाला चार हजारांहून अधिक यकृत प्रत्यारोपणे होतात. मेंदूमृत व्यक्तींकडून मिळणारे अवयव फार कमी असल्याने त्यांतली बहुतांश घरातल्याच जिवंत दात्यांवर चालतात. विदर्भातल्या रुग्णांची मृत्यूनंतरच्या अवयवदानाची प्रतीक्षा यादी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. घरात दाता मिळाला तरी रुग्णाचे नाव त्या यादीत घालता येते का, हे जरूर विचारावे. एक दार उघडे राहते.

किडनी दिली की ती परत येत नाही, यकृत वाढते. हे सगळ्यांनी ऐकलेले असते. पण ते लगेच वाढत नाही. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वाढ जोरात होते, नंतर मंदावते, आणि मूळ आकाराच्या जवळ पोचायला काही महिने जातात. मधल्या काळात उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याला पूर्ण शरीराचा गाडा ओढायचा असतो. म्हणून नियम असा की दात्याकडे त्याच्या स्वतःच्या यकृताचा किमान ३० टक्के भाग राहिलाच पाहिजे. बरीच केंद्रे ३५ टक्क्यांचा आग्रह धरतात. दुसरीकडे रुग्णालाही त्याच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के इतके यकृत लागते. ७० किलोच्या माणसाला सुमारे ५६० ग्रॅम.

या दोन गरजांची रस्सीखेच असते. समजा पती ८० किलोचा आहे, त्याला ६४० ग्रॅम हवे. पत्नीचे यकृत एक किलोचे आहे. सीटी स्कॅनवर मोजले तर तिचा उजवा भाग ७२ टक्के निघाला. म्हणजे पतीला ७२० ग्रॅम मिळतील, भरपूर. पण तिच्याकडे २८ टक्केच उरतील. पतीसाठी ती उत्तम दाता आहे, स्वतःसाठी नाही. अशा वेळी चांगले केंद्र थांबते आणि दुसरा मार्ग शोधते. तुमच्या घरात दाता ठरला असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: "तिच्याकडे किती टक्के उरणार?" हा आकडा सांगता येत नसेल तर पुढचे काहीही ठरवू नका.

तपासण्या दात्याला वाचवण्यासाठी असतात

'टेस्ट पास झाली' असे लोक म्हणतात, जणू दहावीचा निकाल. त्यामुळे दाता नाकारला गेला की घरात त्याचा चेहरा पडतो. खरे तर इच्छुक दात्यांपैकी बरेच जण नाकारले जातात आणि तसेच व्हायला हवे.

रक्तगट, यकृताच्या रक्ततपासण्या, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, साखर, ईसीजी, टू-डी इको, छातीचा एक्स-रे. मग सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्यांचा नकाशा आणि एमआरआयवर पित्तनलिकांचा नकाशा. प्रत्येक माणसाच्या नलिका वेगळ्या फुटलेल्या असतात. काहींच्या अशा असतात की उजवा भाग कापताना डाव्याची नळी धोक्यात येईल. वय साधारणपणे १८ ते ५०-५५. मानसोपचारतज्ज्ञांची भेटही असते. तिला औपचारिकता समजू नका.

या सगळ्यात आपल्याकडे सर्वांत जास्त अडणारी गोष्ट म्हणजे यकृतातली चरबी. गावातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड १' इतके सहज छापून येते की कोणी ते वाचतही नाही. "मी दारूला शिवत नाही, मला कसे फॅटी लिव्हर?" असे विचारणारे रोज भेटतात. दारूशिवायही होते, पोटाचा घेर, साखर, बैठे काम यांतून. चरबी भरलेले यकृत कापल्यावर नीट वाढत नाही आणि ताण सहन करत नाही.

हे जपानने फार महाग किंमत देऊन शिकले. २००३ मध्ये तिथे मुलीला यकृत देणाऱ्या एका आईचा मृत्यू झाला. जपानमधला हा पहिला जिवंत यकृतदात्याचा मृत्यू. तिच्या यकृतात चरबी आणि त्यामुळे आलेली सूज होती, आणि मागे राहिलेला भागही कमी पडला. तिला वाचवण्यासाठी तिच्यावरच यकृत प्रत्यारोपण करावे लागले आणि तरीही ती वाचली नाही. म्हणून आज दात्याचा फायब्रोस्कॅन होतो, सीटीवर चरबी मोजली जाते, शंका असेल तर सुईने तुकडा काढून पाहतात. चांगली बाजू अशी की ही चरबी उतरवता येते. रुग्णाची तब्येत थोडा वेळ देत असेल, तर दात्याने दोन-तीन महिन्यांत वजन पाच ते दहा टक्क्यांनी कमी केल्यावर तेच यकृत योग्य ठरलेले दिसते.

आणि लपवू नका. दारू, तंबाखू, गुटखा, गर्भनिरोधक गोळ्या, लहानपणची कावीळ, जडीबुटीचे काढे, घरात कोणाच्या पायात किंवा फुफ्फुसात झालेली रक्ताची गुठळी. लोक हे सांगत नाहीत, कारण 'मग नको म्हणतील'. गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. त्या ऑपरेशनच्या साधारण महिनाभर आधी बंद कराव्या लागतात. ही माहिती सासूसमोर सांगायची नसेल तर डॉक्टरांकडे एकटे भेटण्याची वेळ मागा.

ऑपरेशननंतर काय काय होऊ शकते

ऑपरेशन पाच ते आठ तास चालते, कधी जास्त. पोटावर बरगड्यांखाली मोठा छेद असतो. काही केंद्रांत दुर्बिणीने किंवा रोबोटच्या मदतीने करतात. तेव्हा छेद लहान असतो, पण आतले काम तेवढेच मोठे असते. नंतर एक-दोन दिवस आयसीयू आणि एकूण आठवडा-दहा दिवस रुग्णालय. पहिले दोन-तीन दिवस दात्याचे बिलिरुबिन वाढलेले दिसते, रक्त गोठण्याची चाचणीही बिघडते. आठवड्याच्या शेवटी ती सावरते. ही वाढ अपेक्षित आहे, घाबरू नये. ती उतरायच्या ऐवजी चढत राहिली तर मात्र कारण शोधावे लागते.

गुंतागुंतीचे आकडे वेगवेगळे ऐकू येतात. जगभरातल्या ७१ केंद्रांच्या एका सर्वेक्षणात सुमारे २४ टक्के दात्यांना काही ना काही त्रास झाला. अमेरिकेतल्या ७६० दात्यांच्या पाहणीत हाच आकडा ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. हा फरक बराचसा मोजण्याचा आहे. दुसऱ्या पाहणीत किरकोळ ताप, जखमेतला पू, छातीत थोडे पाणी अशी बारीकसारीक नोंदही आली. बहुतेक त्रास औषधाने किंवा छोट्या उपायाने बरे होणारे होते.

सर्वांत खास त्रास म्हणजे पित्ताची गळती. यकृताच्या कापलेल्या बाजूवर हजारो बारीक नळ्यांची तोंडे बंद केलेली असतात. एखादे नीट बसले नाही तर पित्त पोटात झिरपते. पोटात ठेवलेल्या नळीत हिरवट-पिवळे पाणी येते, किंवा नळी काढल्यावर ताप आणि पोटदुखी सुरू होते. बऱ्याचदा नळी जास्त दिवस ठेवली की गळती आपोआप थांबते. कधी सोनोग्राफीच्या मदतीने दुसरी नळी घालतात, कधी तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट बसवतात, क्वचित पुन्हा ऑपरेशन लागते. काही महिन्यांनी तीच नलिका आक्रसण्याचाही त्रास होऊ शकतो.

रक्तस्राव पहिल्या दोन दिवसांत होतो आणि तेव्हा दाता रुग्णालयातच असतो, म्हणून तो सहसा पकडला जातो. गुठळ्या जास्त फसव्या असतात. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात गेली तर चालताबोलता माणूस कोसळतो. घट्ट मोजे, पोटात किंवा दंडात दिली जाणारी छोटी इंजेक्शने, आणि पहिल्याच दिवशी पलंगावरून उतरवून चालवणे हे सगळे त्यासाठी. "आताच ऑपरेशन झाले, तिला झोपू द्या" असे म्हणणारे नातेवाईक माया करतात, पण चुकीच्या जागी. यकृताला रक्त नेणाऱ्या मुख्य शिरेतही गुठळी होऊ शकते. ती दुर्मीळ, पण तातडीने ऑपरेशन लागणारी.

जखमेत किंवा पोटात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, आतडे चिकटून अडणे, नंतर जखमेच्या जागी हर्निया. उरलेले यकृत काम पेलू न शकणे सगळ्यात गंभीर. त्याच सर्वेक्षणात काही दात्यांना स्वतःलाच यकृत प्रत्यारोपण लागले होते. छेदाच्या खाली बधिरपणा मात्र बहुतेकांना येतो आणि वर्षभर, कधी कायम, राहतो. त्याचा धोका नाही, फक्त आधी कोणी सांगितलेले नसते.

आणखी एक गोष्ट: शंभरात एखाद्या दात्याचे पोट उघडल्यावर यकृत योग्य नाही असे दिसते आणि सर्जन काहीही न कापता टाके घालतात. त्या क्षणी घरच्यांना तो अन्याय वाटतो. सर्जनने घेतलेला तो सर्वांत अवघड आणि बहुधा सर्वांत योग्य निर्णय असतो.

मृत्यूबद्दल सरळ बोलू

वर सांगितलेल्या सर्वेक्षणात ११,५५३ दात्यांपैकी २३ जणांचा मृत्यू झाला, म्हणजे हजारात दोन. उजवा भाग देणाऱ्यांत धोका थोडा जास्त धरतात, लहान मुलासाठी छोटा डावा भाग देणाऱ्यांत कमी. हजारात दोन म्हणजे पाचशेत एक. पाचशे माणसे म्हणजे आपल्याकडची एका लग्नाची पंगत. तेवढ्या सगळ्यांनी यकृत दिले तर ४९९ घरी येतील. हे कमी आहे असेही म्हणता येते आणि एक माणूस गेला असेही म्हणता येते. दात्याने दोन्ही वाक्ये ऐकूनच सही करावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात पत्नीने पतीला यकृताचा भाग दिला. पती प्रत्यारोपणानंतर लगेच गेला. पत्नीची प्रकृती सुरुवातीला सावरत होती. काही दिवसांनी जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळला, एकामागून एक अवयव निकामी झाले आणि सहाव्या दिवशी तीही गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने रुग्णालयाकडून सगळ्या नोंदी मागवल्या. त्या घटनेत कोणाचे काय चुकले हे बाहेरून ठरवणे माझे काम नाही. पण त्या बातमीनंतर अनेक घरांत ठरलेले दान थांबले, आणि दुसऱ्या टोकाला 'असे लाखात एखादे' म्हणून ती बाजूला सारणारेही भेटले. दोघांनाही मी एकच तपशील दाखवतो: दात्याची तब्येत आधी ठीक होती आणि नंतर बिघडली. पहिला दिवस चांगला गेला म्हणजे दाता सुटला असे नसते.

न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २००२ मध्ये धाकट्या भावाला यकृत देणारा एक माणूस ऑपरेशननंतर तीन दिवसांत गेला. ऑपरेशन ठीक झाले होते, नंतर पोटात भयंकर जंतुसंसर्ग पसरला. दात्यांच्या वॉर्डात पुरेसे अनुभवी डॉक्टर लक्ष ठेवायला नव्हते, असा ठपका तिथल्या राज्य आरोग्य विभागाने ठेवला. त्या रुग्णालयाचा हा कार्यक्रम काही काळ बंद राहिला आणि दात्याजवळ किती नर्स, किती डॉक्टर हवेत याचे नियम झाले.

म्हणून केंद्र निवडताना फक्त 'रुग्ण किती वाचतात' हे विचारू नका. दात्यांची ऑपरेशने किती केली? त्यांत किती दाते गेले? दात्याचे ऑपरेशन कोण करणार, आणि रात्री दोन वाजता दात्याला ताप आला तर कोण पाहणार? दात्याला गुंतागुंत झाली आणि आणखी महिनाभर राहावे लागले तर तो खर्च पॅकेजमध्ये आहे का? वीस-पंचवीस लाख जमवताना जमीन गहाण टाकलेली असते. दात्याच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी एक रुपयाही शिल्लक नसतो. महात्मा फुले योजना, मुख्यमंत्री साहाय्यता निधी यांचे अर्ज भरताना रुग्णालयाच्या समाजसेवकाला हा प्रश्न आधीच विचारा. ज्यांना विचारलेले आवडत नाही अशा ठिकाणी जाऊ नका.

घरी गेल्यावर

दुसरबीडसारख्या गावातल्या दात्यासाठी मला सर्वांत काळजी याच काळाची वाटते. आता समृद्धी महामार्गाने मोठ्या शहरात पोचायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. वेळ जातो तो लक्षण ओळखण्यात.

काय होते? ऑपरेशनला पंधरा दिवस झालेत. थंडी वाजून ताप येतो. जवळच्या डॉक्टरांकडे नेतात. ते प्रामाणिकपणे टायफॉइड-मलेरियाचे औषध देतात, सलाइन लावतात, दुखते म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देतात. दोन दिवस बरे वाटते. आत पित्त साचून पू झालेला असतो. तिसऱ्या दिवशी गाडी ठरते.

म्हणून दात्याने जमल्यास पहिले दोन-तीन आठवडे रुग्णालयाच्या जवळपास राहावे; नातेवाइकाकडे, धर्मशाळेत, कुठेही. गावी आल्यावर डिस्चार्ज कार्ड गावातल्या डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवा आणि त्यावर प्रत्यारोपण समन्वयकाचा चोवीस तास लागणारा फोन नंबर लिहून घ्या. १००.४ अंशांपेक्षा जास्त ताप, डोळे पिवळे होणे किंवा लघवी चहासारखी होणे, वाढत जाणारी पोटदुखी किंवा उजवा खांदा दुखणे, पोट फुगून उलट्या, जखमेतून पाणी, काळी शौच, एकाच पायाला सूज, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे: यांपैकी एक जरी झाले तरी गावातल्या उपचाराची वाट न पाहता आधी समन्वयकाला फोन करा. धाप, बेशुद्धी, रक्तस्राव असेल तर सरळ १०८.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, पण सांगितलेल्या मात्रेतच. मेडिकलमधून आणलेली दुसरी पेनकिलर, ताकदीचे टॉनिक, 'लिव्हर साफ करणारा' काढा यांतले काही नको. खाणे साधे: डाळ, भाकरी, भाजी, अंडे, दूध. वेगळे पथ्य लागत नाही, प्रथिने मात्र पोटात गेली पाहिजेत.

पाच किलोपेक्षा जास्त वजन साधारण तीन महिने उचलायचे नाही. कागदावर हे सोपे दिसते. भरलेला हंडा पंधरा किलोचा असतो. सोयाबीनचे पोते त्याहून कितीतरी जड. सोंगणीच्या दिवसांत 'थोडी मदत' करायला गेलेल्या दात्याला पुढे हर्नियाचे ऑपरेशन लागते. ऑपरेशनची तारीख निवडायची मुभा असेल तर शेतीचे वेळापत्रक समोर ठेवा. डॉक्टरांना यात काही चुकीचे वाटत नाही.

आणि एका घरात दोन रुग्ण परततात हे विसरले जाते. ज्याला यकृत मिळाले त्याच्या गोळ्यांच्या वेळा, उकळलेले पाणी, वेगळी खोली, भेटायला येणाऱ्यांची गर्दी, सगळे त्याच्याभोवती. देणारी पत्नी असेल तर दहाव्या दिवशी तीच चहा टाकताना दिसते. तिच्या देखभालीसाठी वेगळा माणूस ऑपरेशनच्या आधीच नेमा, नावानिशी. पती-पत्नी दोघेही एकाच वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये असतील तर बाहेर निर्णय कोण घेणार आणि मुले कोणाकडे राहणार, हेही आधीच ठरवा.

कोण देणार, आणि 'नाही' कोण म्हणणार

देशात २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत सुमारे ६४ टक्के स्त्रिया होत्या. मिळवणाऱ्यांत पुरुष जास्त. कमावत्या माणसाने ऑपरेशन कशाला करून घ्यायचे, असा हिशेब घरात न बोलता होतो. स्त्रीने दिलेले दान खोटे असते असे मी म्हणत नाही. अनेक जणी स्वतःहून, ठाम मनाने देतात. पण विचारले गेले पाहिजे. म्हणूनच २०१४च्या नियमांत दाता स्त्री असेल तर तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळण्याची तरतूद आहे.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. २०११ मध्ये तो सुधारला. त्यानुसार 'जवळचे नातेवाईक' म्हणजे पती-पत्नी, आईवडील, मुले, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे. सुरुवातीच्या प्रश्नातला पुतण्या यात बसत नाही. सून, जावई, मेहुणा, भाचा, चुलतभाऊही नाही. ते देऊ शकतात, पण प्राधिकार समितीची परवानगी लागते. तिथे प्रेमापोटी देतोय, पैशासाठी नाही, हे पटवावे लागते. त्या समितीत प्रत्यारोपण करणारे डॉक्टर नसतात. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून लवकर सुरुवात करा.

संमतीपत्रावर सही केली तरी भूल देईपर्यंत केव्हाही थांबता येते. घरच्यांना तोंड कसे द्यायचे, ही भीती असेल तर डॉक्टरांना एकट्याने सांगा. 'तपासण्यांनुसार हा दाता योग्य नाही' एवढेच आम्ही बाहेर सांगतो. कारण सांगत नाही.

पुढची वर्षे

दात्याला आयुष्यभर गोळ्या लागत नाहीत. शहरातले बैठे काम सहा-आठ आठवड्यांत, शेतातले तीन महिन्यांनंतर. मूल हवे असेल तर साधारण वर्षभर थांबण्याचा सल्ला देतात. त्यानंतर गरोदरपण नेहमीसारखेच पार पडते. दारू नकोच, वाढते वजनही नको. कावीळ बी ची लस घेतली नसेल तर घ्या.

मनाचेही सांगायला हवे. ज्याला यकृत दिले तो वाचला नाही तर दात्याला 'माझे दान वाया गेले' ही बोच फार काळ राहते. तो वाचला आणि पुन्हा दारूकडे वळला तर वेगळाच राग येतो. झोप उडणे, रडू येणे, कोणाशी बोलावेसे न वाटणे हे आठवड्यांमागून आठवडे चालले तर तपासणीच्या वेळी भेटलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे परत जा.

तपासणी पहिल्या आठवड्यात, मग महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष, आणि पुढे वर्षातून एकदा: रक्त आणि सोनोग्राफी. प्रत्यक्षात रुग्णाची तपासणी कधी चुकत नाही आणि दात्याची दुसऱ्या भेटीनंतरच बंद होते, कारण दोघांचे कागद एकाच पिशवीत असतात आणि डॉक्टरांसमोर रुग्णाचेच बाहेर निघतात. दात्याची फाइल वेगळी करा, वर त्याचे नाव घाला आणि पुढच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा.